समुद्रातील खनिजांची खतावणी

बेंगळुरूच्या पश्चिमेला नागरभावी नावाचे उपनगर आहे. तेथे एकमेकींपासून फारशा दूर नसलेल्या दोन संस्था आहेत. एक म्हणजे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली सामाजिक आणि आर्थिक परिवर्तनाच्या अभ्यासाची संस्था, ‘आयसेक’. दुसरी म्हणजे अणुखनिज संचालनालयाचे दक्षिण विभागीय कार्यालय. पहिलीच्या संस्थापकाने देशाचे उत्पन्न मोजण्यात उमेदीची वर्षे घालवली. दुसरी ज्या संचालनालयाचा भाग आहे, त्याच्याकडे देशाच्या किनाऱ्यांवरील काळ्या वाळूत दडलेल्या मोनाझाइटची मोजदाद असते. या रस्त्याने मी अनेकदा जातो आणि दर वेळी मला वाटते, की या दोन विद्यांची गाठ कधी पडलीच नाही. समुद्रातल्या खनिजांचे टन एकीकडे मोजले जातात, रुपये दुसरीकडे. दोन्ही एकाच पानावर मांडण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही.

राव यांचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९३१-३२ सालच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा ग्रंथ आजही आदराने उद्धृत केला जातो. त्यांच्या आधी साठ वर्षे दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच विस्कळीत कागदपत्रांतून माणशी वीस रुपये हा आकडा काढला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तेव्हा अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याबरोबर दोनच सदस्य होते. एक राव, दुसरे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. या मंडळींना मोजणे हे कारकुनी काम वाटत नव्हते. आपल्याकडे काय आहे, त्यातले काय गेले आणि कोणाकडे गेले, हे ठाऊक नसलेल्या देशाला धोरण आखता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. त्या मोजणीत समुद्राला जवळजवळ स्थान नव्हते, आणि तेव्हा ते स्वाभाविकही होते. आज नाही.

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने भारताच्या सागरी क्षेत्रातील खनिजपट्ट्यांच्या लिलावाचा पहिला टप्पा जाहीर केला. पट्टे एकूण तेरा. केरळच्या कोल्लमसमोर बांधकामाच्या वाळूचे तीन, गुजरातसमोर चुनखडीच्या चिखलाचे तीन, आणि ग्रेट निकोबारच्या बाजूला बहुधातू गोटे व कवचांचे सात. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये २००२ च्या सागरी क्षेत्र खनिज कायद्यात दुरुस्ती करून लिलाव अनिवार्य करण्यात आला होता. मर्जीने वाटपाची पद्धत बंद झाली, हे चांगलेच झाले. परंतु लिलाव ही विक्रीची रीत आहे. विकायच्या मालाचा हिशेब ठेवण्याची रीत वेगळी असते, आणि ती अजून घडायची आहे.

सरकारकडे आकडे नाहीत, असे मात्र नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सागरी विभागाचे मुख्यालय कर्नाटकातच, मंगळूरला आहे. ‘समुद्र रत्नाकर’सारख्या त्याच्या संशोधन नौकांनी वर्षानुवर्षे तळ धुंडाळून जे काम केले, त्याचे मोल मोठे आहे. त्या कामावर आधारलेले मंत्रालयाचे आकडे असे आहेत : गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांसमोर १,५३,९९६ दशलक्ष टन चुनखडीचा चिखल, केरळसमोर ७४५ दशलक्ष टन बांधकामयोग्य वाळू, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, केरळ आणि महाराष्ट्राच्या उथळ समुद्रात ७९ दशलक्ष टन जड खनिजे.

यातला पहिला आकडा पुन्हा वाचावा. एक लाख त्रेपन्न हजार नऊशे शहाण्णव. पंच्याण्णव नाही, सत्त्याण्णव नाही. समुद्राच्या तळाशी दूरदूर अंतरावर घेतलेल्या नमुन्यांवरून काढलेला अंदाज शेवटच्या अंकापर्यंत नेमका छापला, की तो अंदाज न राहता मालमत्ता भासू लागतो. देशातील खाणींतून वर्षाला सुमारे ४५ कोटी टन चुनखडी निघते. त्या हिशेबाने हा चिखल तीनशे चाळीस वर्षे पुरेल. तीनशे चाळीस वर्षांनी सिमेंट कशापासून बनेल, बनेल की नाही, हे कोणालाही ठाऊक नाही. म्हणून या टनांना आजच्या भावाने गुणून येणाऱ्या कोटींना अर्थशास्त्रात अर्थ नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र त्यांना फार मान असतो.

गेल्या काही महिन्यांत मी एक साधा खटाटोप केला. दुकानदार जशी खतावणी ठेवतो तसा एक तक्ता आखला. ओळींमध्ये खनिजे : मीठ, ब्रोमिन, इल्मेनाइट, झिरकॉन, मोनाझाइट, वाळू, चुनखडी, बहुधातू गोटे. रकान्यांमध्ये वर्षारंभीची शिल्लक, नव्या शोधाने पडलेली भर, उपसा, वर्षअखेरची शिल्लक, मिळालेला भाव, सरकारला मिळालेले स्वामित्वधन. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणीय-आर्थिक लेखापद्धतीत २०१२ पासून हाच आराखडा आहे, मी नवे काही केले नाही. तक्ता भरायला बसलो आणि कळले, की एका समुद्रासाठी निदान सहा दारे ठोठवावी लागतात. मिठासाठी जयपूरचे लवण आयुक्त. किनाऱ्यावरच्या वाळूतील अणुखनिजांसाठी हैदराबादचे संचालनालय. समुद्रतळाच्या साठ्यांसाठी मंगळूर. उत्पादनाच्या आकड्यांसाठी नागपूरची भारतीय खाण ब्युरो. खोल समुद्रासाठी पृथ्वीविज्ञान मंत्रालय. आणि खाडीच्या वाळूसाठी त्या त्या राज्याचे महसूल खाते. एका कार्यालयात मला अगदी सौजन्याने सांगण्यात आले, की उपशाचा आकडा आहे, पण तो कोठल्या खनिजपट्ट्यातला हे वेगळे काढता येणार नाही.

मापेही एक नाहीत. भूवैज्ञानिक टनांत बोलतात. महाराष्ट्रात वाळू ब्रासने विकली जाते, म्हणजे शंभर घनफुटांनी. बेंगळुरूत बांधकामावर ती ‘लोड’ने येते आणि लोड म्हणजे किती, हे ट्रकच्या फळ्यांच्या उंचीवर ठरते. ओली वाळू आणि कोरडी वाळू यांच्या वजनातला फरक तर विचारूच नये. समुद्रातून काढलेली वाळू ओलीच असते, आणि मीठ घालवण्यासाठी ती पुन्हा धुवावी लागते. स्वामित्वधन कोणत्या टप्प्यावरच्या टनावर आकारायचे, हा प्रश्न तपशिलाचा वाटतो, पण सगळा पैसा तेथेच असतो.

मिठाची ओळ सर्वांत सोपी निघाली. वर्षाला सुमारे तीन कोटी टन, त्यातले चार-पंचमांशाहून अधिक गुजरातचे. मीठ हा साठा नसून प्रवाह आहे. सूर्य आणि भरती यांच्या कृपेने तो दरवर्षी नव्याने येतो, त्यामुळे शिल्लक कमी होण्याचा प्रश्न नाही. तरीही मुंबईत मिठागरांच्या जमिनीची किंमत तेथे पिकणाऱ्या मिठाच्या किमतीला केव्हाच गिळून बसली आहे. २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडच्या सुमारे २५६ एकर मिठागरांचा विषय निघाला, तेव्हा चर्चेत मीठ कोठेच नव्हते, पुराचे पाणी थोपवण्याची त्या जमिनीची कुवतही फारशी नव्हती.

खरी कहाणी काळ्या वाळूची आहे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले. त्या वेळी त्यातील थोरियम गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी हवे होते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे हे धन काथ्याला चिकटून, बेहिशेबी, युरोपात पोहोचले होते आणि तिथल्या प्रयोगशाळेने ते आपल्याला दाखवले. आज अणुखनिज संचालनालयाच्या अंदाजाप्रमाणे देशात १ कोटी ३१.५ लाख टन मोनाझाइट असून त्यात ७२.३ लाख टन दुर्मीळ मृदा ऑक्साइड आहेत. किनारी वाळू, तेरी वाळू आणि आतील गाळ मिळून हा साठा आठ राज्यांत पसरला आहे आणि त्यात महाराष्ट्रही आहे. मोटारींच्या चुंबकांसाठी चीनकडे हात पसरावे लागणाऱ्या देशाने हा आकडा अभिमानाने सांगावा, हे समजू शकते. बेंगळुरूच्याच राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने चीनच्या दुर्मीळ मृदा उद्योगावर २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या उद्योगाकडे पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते : चीनची ताकद जमिनीखालच्या साठ्यात जितकी आहे, त्याहून अधिक साठ्यापासून चुंबकापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर आहे.

आपल्याकडे मधल्या पायऱ्यांवरच हिशेब सुटला. किनाऱ्याच्या वाळूचे वैशिष्ट्य असे, की ती लाटांबरोबर परत येते. त्यामुळे ‘आम्ही खणत नाही, समुद्राने आणून टाकलेले उचलतो’ असे म्हणता येते, आणि आरंभीची शिल्लकच निश्चित नसल्यामुळे ते खोडून काढता येत नाही. शिवाय एकाच वाळूत गार्नेट, इल्मेनाइट, झिरकॉन आणि मोनाझाइट एकत्र असतात. पहिली तीन विकता येतात. मोनाझाइट मात्र अणुऊर्जा कायद्याखालचे विहित द्रव्य आहे. ते उरलेल्या वाळूत राहते, आणि ती वाळू कोठे, किती पडून आहे, यावर देखरेख ठेवणारा वेगळा, तर उत्पादन नोंदवणारा वेगळा. १९९८ च्या धोरणाने खासगी उद्योगांना दार उघडले. २०१३ मध्ये तमिळनाडू सरकारने किनारी वाळूचे खाणकाम थांबवले. २०१८ मध्ये केंद्राने या खनिजांची निर्यात फक्त ‘आयआरईएल’ या सार्वजनिक कंपनीमार्फत होईल असे ठरवले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बेकायदा उपशाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवत ५,८३२ कोटी रुपयांच्या वसुलीचा मार्ग मोकळा केला. उपसा थांबल्यानंतर बारा वर्षांनी आपण किती गेले याचा हिशेब करत आहोत. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण खाणकामासाठीच तयार झाली असावी.

कर्नाटकातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. बळ्ळारीच्या लोहखनिजाचा हिशेब कसा लागला, ते येथे सर्वांनी पाहिले आहे. लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या जुलै २०११ च्या अहवालामागे वन अधिकारी यू. व्ही. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक अतिशय कंटाळवाणे काम होते : खाणीचे परवाने, वाहतुकीचे परवाने, आणि बंदरांतून प्रत्यक्ष निर्यात झालेला माल यांची ओळीला ओळ लावून पडताळणी. त्यातून निघाले, की २००६ ते २०१० या काळात सुमारे २ कोटी ९८ लाख टन खनिज परवान्याविना बाहेर गेले होते. राज्याचे एकूण नुकसान अहवालाने १६,०८५ कोटी रुपये धरले. अंकोल्याजवळच्या बेलेकेरी बंदरात तर जप्त करून ठेवलेले लाखो टन खनिजही नाहीसे झाले. डोंगराएवढा ढीग, सरकारी मोहोर, पोलीस पहारा, आणि तरी तो गेला.

जमिनीवर निदान रस्ता असतो, टोलनाका असतो, धूळ असते. धुळीने लाल झालेली गावे स्वतःच साक्ष देतात. समुद्रात तीस किलोमीटर आत ड्रेजर किती शोषतो, याला साक्षीदार मासळीशिवाय कोणी नाही. नोंद उपशाआधी सुरू झाली नाही तर नंतर ती कोणत्याही लोकायुक्ताला उभी करता येणार नाही, कारण तेथे परवान्याशी ताडून पाहायला खड्डासुद्धा उरत नाही. प्रवाह तो भरून टाकतात.

तंत्र नाही म्हणून अडले आहे, असेही नाही. ब्रिटनमध्ये समुद्रतळाची मालकी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटने १९९३ पासून प्रत्येक वाळू ड्रेजरवर इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे केले. उपसा कोठे व किती वेळ चालला, हे त्यातून कळते आणि किती क्षेत्र खरवडले याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सप्टेंबर २०२३ मध्ये जहाजांच्या संकेतांवरून जगभरच्या ड्रेजरांचा माग काढणारे व्यासपीठ सुरू केले. त्याच्या अंदाजाने सागरी क्षेत्रातून दरवर्षी ४०० ते ८०० कोटी टन वाळू आणि गाळ उपसला जातो. अंदाजाची खालची आणि वरची बाजू यांत दुपटीचा फरक आहे, आणि तो त्यांनी लपवलेला नाही. उपग्रह बांधणाऱ्या शहरात बसून हे आपल्याला जमणार नाही असे म्हणायला जीभ रेटत नाही.

आता मूल्याकडे वळू. मध्य हिंदी महासागरात भारताला ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र संशोधनासाठी मिळाले आहे. त्याची सुरुवात २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ नौकेने तळावरून पहिला गोटा वर काढला तेव्हा झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते यश होते. तेथे ३८ कोटी टन गोटे असून त्यांत ४७ लाख टन निकेल, ४३ लाख टन तांबे आणि साडेपाच लाख टन कोबाल्ट आहे, असा अंदाज आहे. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव काही काळ टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि बाजाराला व्यवहारच थांबवावे लागले. त्या दुपारी कोणी गुणाकार केला असता तर आपल्या गोट्यांतल्या एकट्या निकेलची किंमत ४७० अब्ज डॉलर झाली असती. २०२४ च्या सतरा हजारांच्या आसपासच्या भावाने ती ८० अब्ज होते. समुद्राच्या तळाशी पाच किलोमीटर खोल पडलेल्या गोट्यांत या दोन वर्षांत काहीही बदलले नव्हते.

खनिजाचे मूल्य म्हणजे भाव गुणिले टन नव्हे. काढण्याचा, धुण्याचा, वाहून नेण्याचा खर्च आणि गुंतवणुकीचा वाजवी मोबदला वजा जाता निसर्गाचे म्हणून जे उरते ते मूल्य, आणि तेही ज्या वर्षी हाती येईल त्या वर्षापर्यंत सूट देऊन. खोल समुद्राच्या बाबतीत हे उरणे आज शून्य आहे, कारण तेथून व्यापारी तत्त्वावर अजून कोणीच काही काढलेले नाही. शिवाय ते क्षेत्र भारताचे नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याने तो मानवजातीचा सामायिक वारसा आहे, आणि आपला करार संशोधनाचा आहे. राष्ट्रीय ताळेबंदात ती ओळ घालायची झाली तर कंसात घालावी लागेल.

कोल्लमची गोष्ट वेगळी आहे. ती वाळू निःसंशय भारताची आहे. संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदाने समुद्राखालील सर्व मौल्यवान वस्तू संघराज्याकडे सोपवल्या आहेत. तीन पट्टे मिळून २४२ चौरस किलोमीटरमध्ये ३० कोटी २० लाख टन वाळू आहे. भागाकार करून पाहा : चौरस मीटरला सव्वा टन, म्हणजे सरासरी एक मीटरहून कमी जाडीचा थर. ती वाळू काढायची तर खड्डा खणून चालणार नाही, मैलोगणती तळ सोलावा लागेल. तो तळ म्हणजे कोल्लम परप्पू, केरळच्या मासेमारीचे एक समृद्ध कुरण. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी किनाऱ्यावर चोवीस तासांचा हरताळ झाला आणि ४ मार्चला केरळ विधानसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला. स्वामित्वधन केंद्राला, नुकसान किनाऱ्याला, ही त्यांची तक्रार आहे. दुरुस्त कायद्यात बाधितांसाठी न्यासाची तरतूद आहे, ही गोष्ट खरी. पण मासळी किती घटली, हे ठरवायला आधीची मासळी किती होती याची नोंद त्याच खतावणीत, वाळूच्या शेजारच्या ओळीत असावी लागते.

मी वाळूच्या उपशाचा सरसकट विरोधक नाही, आणि बेंगळुरूत राहून तसे म्हणणे ढोंग ठरेल. नद्या ओरबाडून झाल्यावर या शहराने डोंगर फोडून केलेली वाळू वापरली, आणि २०१७-१८ मध्ये तर राज्य सरकारच्या कंपनीने मलेशियाहून आणलेली वाळू पोत्यांतून विकली. वाळू कोठून तरी येणारच आहे. ती आली तेव्हा कोणाच्या खात्यातून किती गेली, हे कळावे एवढेच मागणे आहे. लोहखनिजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्याला विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमचा निधी उभारायला सांगितले, त्यामागचे तत्त्व हेच होते : खनिज विकणे म्हणजे कमाई नव्हे, वारशाचे रूपांतर. मार्च २०२५ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या नव्या जागतिक पद्धतीतही नैसर्गिक संपत्तीची घट हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. पार्थ दासगुप्ता यांच्या तज्ज्ञगटाने भारत सरकारला हरित लेख्यांचा आराखडा दिला, त्यालाही २०१३ पासून बराच काळ लोटला. सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ च्या पर्यावरण लेख्यांत महासागराचा समावेश केला. त्याचा भर परिसंस्थांवर आहे, खनिजांची पाने त्याला जोडता येतील.

ती जोडताना फार मोठी यंत्रणा लागणार नाही. नागपूरची ब्युरोच सागरी कायद्याखालचे प्रशासक प्राधिकरण आहे. तिने प्रत्येक पट्ट्याची आरंभीची शिल्लक, पुरावा कितपत पक्का आहे याच्या शेऱ्यासह, लिलावाआधी प्रसिद्ध करावी. ड्रेजरवरील यंत्राची नोंद, बंदरातील वजन आणि स्वामित्वधनाचा भरणा या तीन आकड्यांचा मेळ दर तिमाहीला जाहीर व्हावा. त्यांत तफावत राहिली तर तीही छापावी. राव-गाडगीळ यांच्या समितीने आपल्या अंदाजांतल्या उणिवा अहवालातच नमूद केल्या होत्या, आणि त्यामुळे त्यांच्या आकड्यांचा मान कमी झाला नाही.

माझा तक्ता अजून टेबलावर आहे. मिठाची ओळ बहुतेक भरली. मोनाझाइटच्या ओळीत साठा आहे, उपशाच्या जागी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. रत्नागिरीच्या इल्मेनाइटपुढे चार दशकांपूर्वीची सर्वेक्षणे आहेत आणि पुढचे रकाने कोरे. कोल्लमच्या वाळूपुढे एकच आकडा आहे, आरंभीच्या शिल्लकेचा.